कागदाला जपणारी माणसं

एडिसनमधल्या एका सीनियर डे केअरमध्ये मी सोशल वर्कर आहे. न्यू जर्सीतले आपले आजी-आजोबा त्याला नुसतं 'सेंटर' म्हणतात. सकाळी व्हॅन दारात येते, नर्स बीपी-शुगर बघते, मग भजन, हाउजी, जेवणात खिचडी-कढी, आणि दुपारी व्हॅन घरी सोडते. बहुतेक मंडळी गुजराती, काही पंजाबी, तेलुगू, थोडी आपली मराठी. बऱ्याच जणांचा खर्च मेडिकेडमधून, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतून होतो.

ज्यांच्याशी हा वाद झाला ते काका माझ्या वडिलांचे जुने स्नेही. 1972 साली इंजिनियर म्हणून इथे आले, नागरिक झाले, एकाच कंपनीतून निवृत्त झाले. वाद एका बैठकीत संपला नाही. 2025 च्या उन्हाळ्यात सुरू झाला आणि त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी थंडी पडेपर्यंत चालला. नाव छापायचं नाही एवढ्या एकाच अटीवर त्यांनी मला लिहू दिलं. माझं मत मी इथे लपवलेलं नाही आणि त्यांचं मवाळ केलेलं नाही.

सुरुवात सेंटरवरच्या एका आजींवरून झाली.

मी: काका, त्यांनी परकराला आतून कापडी खिसा शिवलाय. त्यात झिपलॉकच्या पिशवीत ग्रीन कार्ड. बसल्या बसल्या कमरेवर हात ठेवून चाचपतात. रात्री उठून दिवा लावून कार्ड बघतात, तारीख वाचतात, परत ठेवतात. सुनेनं पाहिलं म्हणून मला कळलं. वजन उतरलंय. थायरॉइड ठीक, साखर ठीक. विचारलं तर म्हणतात, "काही नाही गं, वय झालं."

काका: आणि याचा दोष तू वॉशिंग्टनला देणार.

मी: कार्ड अंगावर बाळगा असं त्यांना कुणी सांगितलं?

काका: कायद्यानं. 1952 पासूनचा कायदा आहे. अठरा वर्षांवरच्या प्रत्येक ग्रीन कार्डवाल्यानं कार्ड जवळ ठेवायचं. नागरिक होईपर्यंत मीही पाकिटात ठेवत होतो. माझी नाही झोप उडाली.

मी: तुम्हाला ते दाखव म्हणून कुणी कधी विचारलं?

काका: नाही.

मी: तेच म्हणतेय. कायदा पुस्तकात पडून होता. 2025 च्या सुरुवातीला सरकारनं जाहीर केलं की नोंदणी आणि कागद जवळ बाळगण्याचा हा नियम आता कडक राबवणार. टीव्हीवर रोज धाडी दिसायला लागल्या. कॅलिफोर्नियात तीस वर्षं राहिलेल्या, शिवणकाम करणाऱ्या 73 वर्षांच्या एका पंजाबी आजींना पकडून सप्टेंबरात भारतात पाठवून दिलं, ती बातमी सेंटरवर सगळ्यांनी पाहिली. त्या दिवशी जेवणाची ताटं तशीच परत गेली.

काका: त्यांचा आश्रयाचा अर्ज नामंजूर झालेला होता. कोर्टाचा हुकूम होता. तुझ्या आजींकडे ग्रीन कार्ड आहे. या दोन गोष्टी एक कशा? आम्ही रांगेत उभे राहून आलो. सरहद्द राखायचा हक्क प्रत्येक देशाला आहे, भारतालाही आहे. कायद्यानं आलेल्या माणसाला घाबरायचं कारण नाही, हे तुम्ही लोक त्यांना ठणकावून का सांगत नाही?

काकांचा हा मुद्दा एडिसनच्या घराघरांत ऐकू येतो आणि तो बोलणारी माणसं निष्ठुर नसतात. आयुष्यभर नियम पाळून जगलेल्या माणसाला नियमावर विश्वास ठेवायचा असतो. पण रेघेच्या बरोबर बाजूला उभं असलं की मनाला धक्का लागत नाही, हे अनुभवाला धरून नाही. मी त्यांना आयोवातल्या पोस्टव्हिलचं सांगितलं. 12 मे 2008 ला तिथल्या मांस कारखान्यावर धाड पडली, 389 माणसं धरली. नंतर संशोधकांनी अख्ख्या राज्याच्या जन्मनोंदी तपासल्या. त्यांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. धाडीनंतर लॅटिनो आयांना कमी वजनाची मुलं होण्याचा धोका आधीच्या वर्षाच्या तुलनेत 24 टक्क्यांनी वाढलेला दिसला. आणि तो अमेरिकेत जन्मलेल्या, जन्मानं नागरिक असलेल्या आयांमध्येही वाढला होता. गोऱ्या आयांमध्ये नाही.

काका: या बाळंतिणी झाल्या. म्हाताऱ्यांचं काय?

मी: म्हाताऱ्यांसाठी अशा नोंदी नसतात म्हणून तसं मोजणं अवघड. पण ज्यांच्या नावाचा हुकूम नव्हता, त्यांच्याही शरीरानं भीतीची दखल घेतली, एवढं तर यातून दिसतं? आणि म्हातारा माणूस हवा असेल तर अलाबामातल्या मॅडिसनचे ते आजोबा घ्या. फेब्रुवारी 2015. नातवाला सांभाळायला गुजरातेतून आलेले, 57 वर्षांचे. मुलाच्या घरासमोर फुटपाथवर चालत होते. शेजाऱ्यानं अनोळखी माणूस फिरतोय म्हणून फोन केला, पोलीस आले. यांना इंग्रजी येईना, "नो इंग्लिश, इंडिया" म्हणाले. पोलिसानं जमिनीवर आपटलं आणि मानेला इजा होऊन अंगातली ताकद गेली. कागद सगळे बरोबर होते. आणि काका, तेव्हा अध्यक्ष ओबामा होते, म्हणजे मी एका पक्षाची तक्रार करत नाहीये.

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग 1987 वर आले.

काका: तुम्हा मुलांना वाटतं वाईट दिवस आत्ताच आलेत. जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' नावाची टोळी होती, ऐकलंयस ना? कुंकवाच्या टिकलीवरून नाव. 'जर्सी जर्नल'ला पत्र पाठवलं त्यांनी, भारतीयांना शहरातून हुसकावून लावू म्हणून. त्याच वर्षी सप्टेंबरात होबोकनमध्ये नवरोज मोदीला पोरांनी मारमार मारलं, चार दिवसांनी तो गेला. पारशी होता तो. टिकलीचा संबंध तरी काय! तुझी काकू तेव्हा टिकली पर्समध्ये ठेवून बसमध्ये चढायची आणि ऑफिसात पोचली की लावायची. कुठला समुपदेशक आला होता आमच्याकडे? आम्ही गणपती बसवले, मोर्चे काढले, 1990 मध्ये राज्यानं वांशिक दहशतीविरुद्ध कायदा केला. जगलो आम्ही.

मी: काकू तेव्हा चाळिशीतही नव्हत्या. नोकरी होती, गाडी चालवता येत होती, इंग्रजीत भांडता येत होतं. मोर्च्याला जायला तुम्ही बरोबर होतात. सेंटरवरच्या या आजी 66 व्या वर्षी इथे आल्या. गाडी येत नाही. लांब कुठे जायचं तर मुलाची सुट्टी बघावी लागते. तोच घाव तिशीतल्या माणसाला आणि सत्तरीतल्या माणसाला सारखा लागत नाही.

यावर काकांनी जे सांगितलं ते मी पूर्ण देते, कारण या सगळ्या वादात त्यांचं सर्वांत भक्कम बोलणं तेच होतं.

काका: मग खरं बोल ना. त्या बाईला वॉशिंग्टननं आजारी नाही पाडलं, मुलानं पाडलं. नातू झाला तेव्हा आईवडिलांना इथे आणलं. वडील गेले. साताऱ्याचं घर विकलं, पैसे इथल्या घराच्या डाउन पेमेंटला गेले. नातू आता मोठा झाला. आजीची गरज संपली. सकाळी सातला सगळे बाहेर, संध्याकाळी सातला घरात, आणि आल्यावर प्रत्येक जण फोनमध्ये. फुटपाथ नाही, बस नाही, हाक मारायला शेजारीण नाही. दिवसभर मराठी बातम्यांचे चॅनेल आणि व्हॉट्सॲप. या अशा बाईला जगातल्या कुठल्याही देशात, कुठल्याही सरकारात करमणार नाही. पण मुलाला तसं तोंडावर सांगायला तुम्ही घाबरता. ट्रम्पचं नाव घेणं सोपं, तो काही तुमच्या ऑफिसात येऊन भांडत नाही.

हे खरं आहे. सेंटरवर मी ऐकलेल्या कहाण्यांत मुलांचा वाटा मोठा असतो आणि तो त्यांच्यासमोर मांडणं हे माझ्या कामातलं सर्वांत कठीण काम आहे. फक्त काका जे दोन वेगळे आजार समजतात, ते मला वेगळे दिसत नाहीत.

मी: मागच्या वर्षापर्यंत या आजी संध्याकाळी दोन मैत्रिणींबरोबर ओक ट्री रोडवर चालायला जायच्या. भाजी बघायची, देवळात टेकायचं, परत यायचं. एवढीच त्यांची स्वतःची अशी माणसं. वसंतात ते बंद झालं. मुलगा म्हणाला, "आई, सध्या नको, उगाच कुणी अडवलं तर." मैत्रिणींच्या मुलांनीही तेच सांगितलं. एकटेपणा आधीचाच होता, मान्य. पण त्यातून सुटायची जी एक फट होती ती कुणी बुजवली? सरकार त्यांच्या मनात टीव्हीतून जेवढं शिरलं, त्यापेक्षा जास्त या अशा 'सध्या नको'मधून शिरलं. चालणं गेलं, देऊळ गेलं, मग झोप गेली. डॉक्टरकडे गेल्या तेव्हा फॉर्मवर झोपेची तक्रार लिहिलेली होती, चालणं बंद झाल्याचं कुणी लिहिलं नव्हतं.

काका: म्हणजे मुलानंच घाबरवलं की!

मी: मुलगा का घाबरला, ते बघा. त्याचं स्वतःचं ग्रीन कार्ड अजून रांगेत असतं तर आपण समजू शकलो असतो. पण तो नागरिक आहे. आईला स्पॉन्सर करताना त्यानं हमीपत्रावर सही केली आहे, की आईचा भार सरकारवर पडू देणार नाही. 1996 च्या कायद्यानं नव्यानं येणाऱ्या ग्रीन कार्डवाल्यांना पहिली पाच वर्षं केंद्राच्या बहुतेक मदतीबाहेर ठेवलं. ती पाच वर्षं त्यानं काढली, मगच आईला मेडिकेड मिळालं. आता 2025 च्या जूनमध्ये बातमी आली की मेडिकेडवरच्या लाखो लोकांची माहिती होमलँड सिक्युरिटी खात्याला दिली गेली. न्यू जर्सीसकट वीस राज्यं त्याविरुद्ध कोर्टात गेली. कोर्टात काय होईल ते होवो, पण त्या आठवड्यात सेंटरवर दोन कुटुंबांनी मला विचारलं, "नाव काढून टाकता येईल का?" नाव काढलं की सेंटर बंद. सेंटर बंद म्हणजे दिवसभर पुन्हा ती चार भिंतींतली खुर्ची.

काका: कायदेशीर असतील तर नाव का काढायचं?

मी: कारण 2019 त्यांच्या लक्षात आहे. 'पब्लिक चार्ज' म्हणजे सरकारवर भार होईल अशा माणसाला प्रवेश नाकारायचा. ती तरतूद 1882 पासूनची, पण 2019 मध्ये तिच्यात मेडिकेड आलं, फूड स्टँप आले, आणि 61 च्या पुढचं वय हीच अर्जदाराविरुद्धची बाब धरली जाऊ लागली. विचार करा काका. म्हातारं असणं हाच दोष. ग्रीन कार्ड हातात असलेल्यांना तो नियम सहसा लागूच नव्हता, आणि 2021 मध्ये तो रद्दही झाला. तरी अर्बन इन्स्टिट्यूटच्या पाहणीत, नियम लागू व्हायच्याही आधी, 2018 मध्येच, स्थलांतरित कुटुंबांतल्या सात प्रौढांपैकी एकानं सांगितलं की आमच्या घरात कुणीतरी अशी मदत टाळली. कायदा ज्यांच्यापर्यंत पोचत नाही त्यांच्यापर्यंत धाक पोचतो.

काकांचा विश्वास मात्र ठाम होता, की माहिती नीट असली तर माणूस घाबरत नाही, आणि माहिती मिळवायची जबाबदारी ज्याची त्याची. मला त्यात एक भोक दिसतं. माहिती मिळवायला इंग्रजी लागतं, आणि नेमकं त्याच वाटेवर कायद्यानं म्हाताऱ्यांना अडवून ठेवलं आहे. नागरिकत्वाची परीक्षा स्वतःच्या भाषेत द्यायची सवलत आहे, पण ती पन्नाशी पार केलेल्याला वीस वर्षं ग्रीन कार्डवर राहिल्यावर, किंवा पंचावन्न पार केलेल्याला पंधरा वर्षं राहिल्यावर. म्हणजे जो 40 व्या वर्षी आला, ज्याला एव्हाना इंग्रजी येतं, त्याला पंचावन्नाव्या वर्षीच सवलत. आणि जी 66 व्या वर्षी आली तिला ती मिळणार 81 व्या वर्षी. वीस ऑक्टोबर 2025 पासून अर्ज करणाऱ्यांना परीक्षाही मोठी केली आहे. 128 प्रश्नांचा अभ्यास, त्यातले 20 विचारणार, 12 बरोबर यायला हवेत. स्मृतिभ्रंश किंवा तसा आजार असेल तर डॉक्टरांचा दाखला देऊन सूट मागता येते, पण तो फॉर्म भरायला वेळ देणारा डॉक्टर मिळावा लागतो.

काका: बरोबर आहे, हे गैर आहे. पंधरा-वीस वर्षं राहिलेल्याला सवलत द्यायची आणि जिला खरी गरज तिला नाही, हे मला माहीत नव्हतं.

एवढं मान्य करून ते स्वतःबद्दल बोलले, विचारल्याशिवाय.

काका: माझं वेगळं आहे. मला भीती नाही वाटत. मला राग येतो. 1965 चा इमिग्रेशनचा कायदा झाला, त्यावर अध्यक्ष जॉन्सननं लिबर्टी बेटावर सही केली, तेव्हा कुठे आमच्यासाठी दार उघडलं. आठ डॉलर घेऊन उतरलो. पन्नास वर्षं कर भरला. परवा फार्मसीत रांगेत एक पोरगा म्हणाला, तुमच्या देशात परत जा. माझ्या नातवाच्या वयाचा. मी त्याला म्हटलं, मी इथे आलो तेव्हा तुझे वडीलही जन्मले नव्हते. घरी आलो आणि दोन दिवस काकूशी बोललो नाही. पण याला आजार म्हणू नकोस. हा राग आहे, आणि तो योग्य आहे.

मी: आजार म्हणत नाही. पण दोन दिवस अबोला धरलात, आणि मराठी मंडळाच्या ग्रुपमधूनही बाहेर पडलात.

काका: ते इथल्या राजकारणावरून नाही, तिथल्या राजकारणावरून.

हा धागा आमच्या बोलण्यात उशिरा आला, पण सेंटरवर तो रोज दिसतो. इथल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यावर दोन देशांचं राजकारण असतं. पुण्या-मुंबईतल्या निवडणुकीवरून न्यू जर्सीतले तीस-तीस वर्षांचे स्नेही एकमेकांच्या दिवाळी फराळाला जायचे थांबतात. तिकडे मत देणं बहुतेकांना जमत नाही आणि इकडे अनेकांना अजून मिळालेलं नाही, तरी दोन्हीकडच्या बातम्यांनी रक्तदाब चढतो. काकांचा ग्रुप पाच-सात जणांचा होता, ब्रिजचा डाव जमायचा, तो मोडला. यावर मी काही मत देणार नाही. मला फक्त दिसतं की सत्तरीनंतर नवीन मित्र होत नाहीत, म्हणून हा तोटा कुणी भरून देऊ शकत नाही.

आमचं सर्वांत मोठं भांडण झालं ते मात्र एका फॉर्मवरून. मार्च 2025 च्या सुमारास भारतातल्या वर्तमानपत्रांत वकिलांच्या हवाल्यानं बातम्या आल्या. हिवाळा गावी काढून परतणाऱ्या वयस्क ग्रीन कार्डवाल्यांवर विमानतळावर आय-407 या फॉर्मवर सही करायला दबाव येतोय. त्यावर सही केली की आपण कार्ड स्वखुशीनं परत केलं असं ठरतं. सही करणं बंधनकारक नाही. सही न करता इमिग्रेशन न्यायाधीशासमोर आपली बाजू मांडायचा हक्क आहे. मला हे सेंटरवर सगळ्यांना सांगायचं होतं. लांबचा प्रवास करून आलेली, पाय सुजलेली, औषधाची वेळ चुकलेली आजी दुसऱ्या खोलीत नेल्यावर समोर आलेल्या कुठल्याही कागदावर सही करेल. तिला हे आधी माहीत हवं.

काका: आणि मग ती कधीच विमानात बसणार नाही. तुझ्या या माहितीनं एक बाई बहिणीला भेटायला साताऱ्याला जायची थांबेल. बहीण ऐंशीची आहे. त्याची भरपाई तू करणार?

मी: ती तशीही थांबली आहे काका. तिकीट काढलं होतं, रद्द केलं. कारण तिला एवढंच माहीत आहे की विमानतळावर काहीतरी होतं. नेमकं काय होतं, किती दिवस बाहेर राहिलं तर प्रश्न येतो, वर्षाच्या वर राहायचं असेल तर आधी री-एंट्री परमिट घ्यायचं, कशावर सही करायची नाही, हे माहीत झालं तर ती दोन महिन्यांसाठी जाऊन येईल.

काका: किंवा घाबरून अजिबात जाणार नाही. माणसामाणसांत फरक असतो.

मी: असतो. म्हणून एकेकीशी बोलायला हवं, हॉलमध्ये माइकवर नाही.

काकांना हे पटलं नाही, आजही पटलेलं नाही. वयस्क माणसांपासून वाईट बातमी दूर ठेवणं हा त्यांच्या मते मुलांचा धर्म आहे. मी रोज उलटं बघते. घरात कुजबूज चालते, आजी आल्या की विषय बदलतो, आणि आजी आपल्या मनानं त्यातलं सर्वांत वाईट ते भरून घेतात. ज्या घरात मुलगा कागद समोर पसरून आईला समजावतो, त्या घरातली आई सेंटरवर हाउजीत भांडते, जेवते. हे मी वारंवार पाहिलं आहे, म्हणून ठामपणे लिहिते.

शेवटच्या बैठकीत काकांनीच प्रस्ताव मांडला, की नागरिकत्वाच्या परीक्षेचा वर्ग मी घेतो. एकशे अठ्ठावीस प्रश्न, मराठीत समजावून, उत्तरं इंग्रजीत पाठ करून.

काका: पण वर्गात तुझा तो आय-407 नको.

मी: वर्गात नको. वर्ग सुटल्यावर मी एकेकीबरोबर बसेन. संध्याकाळी लायब्ररीत घ्यायचा?

काका: संध्याकाळी त्यांना आणणार कोण? तूच म्हणालीस ना, बाहेर पडणं बंद झालंय. सेंटरवरच घे. आणि पहिल्या तासाला मुलांना बोलाव. आईचं कार्ड कुठे असतं, पासपोर्टची मुदत कधी संपते, तिचा वकील कोण, या पोरांना काही ठाऊक नसतं. आईच्या परकरात खिसा आहे हे त्या मुलाला बायकोकडून कळावं?

मी: शनिवारी सेंटर उघडं असतं. मुलांनाही सुट्टी.

काका: मग शनिवारीच ठेव. आणि फी अजिबात नको. फी ठेवलीस तर पैसे पाठवून देतील आणि स्वतः येणार नाहीत.